गुरुवारची पुडी

आईचं व्हिटॅमिन डी 9 निघालं. 20 च्या खाली गेलं की डॉक्टर कमतरता धरतात. तिचा पहिला प्रश्न, "मी काय गुहेत राहते का?" गुहेत नाही, पण सकाळी 7 ची डोंबिवली लोकल, संध्याकाळी 7 ला घर आणि मधला सगळा दिवस ट्यूबलाइटखाली.

कोवळं ऊन घ्या, हे सगळेच सांगतात. पण त्वचेत डी तयार करणारे यूव्हीबी किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतातच. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते नीट मिळतात, म्हणजे ऐन ऑफिसच्या वेळेत. आणि खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत.

मग पुडी. 60,000 युनिट, आठवड्यातून एकदा, 8 आठवडे. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून जेवणानंतर घ्यायचं. आईने वार निवडला गुरुवार, नेमका उपवासाचा! साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट असतं, हा तिचा युक्तिवाद. मला तो खोडता आला नाही.

मावशीचा आग्रह मात्र इंजेक्शनचा. "एकदाच टोचून घे, सुटलीस." आतड्यातून औषध नीट शोषलं जात नसेल, तर इंजेक्शनला अर्थ आहे. आईचं तसं काही नव्हतं. शिवाय एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट तोंडावाटे देऊन पाहिले. 2010 साली निकाल छापून आला: डी न घेतलेल्या बायकांपेक्षा त्याच जास्त पडल्या, त्यांचीच हाडं जास्त मोडली. आमची आजी बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला आणि नंतर ती चाललीच नाही. त्यामुळे हा निकाल मला नुसता आकडा वाटत नाही.

पुडीतही एक धोका आहे. आठवड्याची पुडी काही जण चुकून रोज घेतात. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून मी पाकिटावर मार्करने 'गुरु' लिहिलं. आईला राग आला. "मला वाचता येतं."

आठ गुरुवार संपले. आता डॉक्टरांनी रोजची 1,000 युनिटची गोळी दिली आहे. ती रात्री जेवणानंतर बीपीच्या गोळीबरोबर घेते. एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही, कारण शरीरातला साठा काही आठवडे पुरतो. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी. मावशी अजून इंजेक्शनचं विचारते.