एका बाजूची पत्रे

पेटी टिकली. पाइनच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची, गोलसर झाकणाची. दर्शनी बाजूला मालकाचे नाव, वर्ष आणि रंगीत वेलबुट्टी. नॉर्वेहून अमेरिकेला निघालेली कुटुंबे अशा पेट्या घेऊन निघत. आता त्या मिनेसोटातल्या, विस्कॉन्सिनमधल्या बैठकीच्या खोल्यांत असतात, किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात. पेटीच्या आत एका कडेला बारीकसारीक वस्तूंसाठी छोटा कप्पा असतो. तो रिकामा असतो.

निघताना गावचा धर्मगुरू दाखला देई. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा, देवीची लस टोचल्याची नोंद. नव्या मुलखातल्या चर्चमध्ये तो दाखवायचा. दाखवून झाला की त्याचे काम संपे.

4 जुलै 1825 रोजी स्टाव्हांगर बंदरातून 'रेस्टोरेशन' नावाचे लहान गलबत निघाले. त्यावर 52 माणसे होती. 9 ऑक्टोबरला ते न्यू यॉर्कला लागले तेव्हा 53 होती. वाटेत एक मुलगी जन्मली होती. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसे गेली. ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, पोलिसांकडची जाणाऱ्यांची नोंदवही 1867 पासूनची आहे, बर्गनची 1874 पासूनची. त्याआधी गेलेल्यांसाठी गावच्या चर्चची वही पाहावी लागते.

अमेरिकेहून आलेल्या सुरुवातीच्या पत्रांच्या हाताने नकला होत. यर्ट होवलान याने 1835 मध्ये लिहिलेले पत्र पश्चिम नॉर्वेत असे गावोगाव फिरले. नकलेवरून नकला झाल्या.

इलिनॉयमधल्या बीव्हर क्रीक इथे 1837 मध्ये एक वसाहत बसली. जमीन दलदलीची होती. हिवतापाने बरीच माणसे गेली. ओले रिनिंग याने तिथेच अमेरिकेची माहिती देणारे छोटे पुस्तक लिहिले. ते 1838 मध्ये ख्रिस्तियानियात छापले गेले. त्याच वर्षी तो वारला. उरलेली माणसे दुसरीकडे गेली. पुस्तक आहे.

विस्कॉन्सिनमधल्या मस्कीगोचे लाकडी चर्च 1844 मध्ये पुरे झाले. 1904 मध्ये ते सेंट पॉलला नेऊन पुन्हा उभे केले. थडगी मस्कीगोतच राहिली.

लार्सचा मुलगा ओले म्हणजे ओले लार्सन. ओलेचा मुलगा निल्स म्हणजे निल्स ओल्सन. मुलीच्या नावापुढे 'ओल्सदातर' लागे. नावाला शेताचे नावही जोडत. शेत बदलले की ते बदले. अमेरिकेत एकच आडनाव धरावे लागले. कोणी बापाचे धरले, कोणी शेताचे. एकाच घरातल्या भावांची आडनावे वेगळी झाली. 'दातर' टिकले नाही.

नॉर्वेजियन लिपीतली दोन अक्षरे इंग्रजीत नव्हती. एकाच्या पोटातली तिरकी रेघ गेली, एकाची दोन अक्षरे झाली. थडग्यांवर ती आढळतात. टपालपेट्यांवर नाहीत.

15 जून 1897 रोजी मध्यरात्रीनंतर एलिस आयलंडवरची लाकडी इमारत जळाली. 1855 पासूनची दप्तरे तिच्यात होती. जानेवारी 1921 मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या तळघरात आग लागली. 1890 च्या जनगणनेची काही पाने जळाली, बरीच पाण्याने भिजली. उरलेली पुढे सरकारच्या परवानगीने नष्ट केली.

मे 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढले. शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर, चारचौघांत आणि प्रार्थनेत इंग्रजीच बोलायची. ते त्याच वर्षी मागे घेतले गेले. 1917 मध्ये तीन पंथसंस्था एक होऊन 'नॉर्वेजियन ल्यूथरन चर्च ऑफ अमेरिका' झाली होती. 1946 मध्ये तिने नावातला 'नॉर्वेजियन' शब्द काढला.

चर्चच्या वह्यांत आधी नॉर्वेजियन नोंदी आहेत. मग एका पानावर मथळे नॉर्वेजियन आणि मजकूर इंग्रजी. मग सगळे इंग्रजी. खेड्यातली चर्च एकमेकांत मिळाली, काही बंद झाली. वह्या कुठे बँकेच्या तिजोरीत ठेवल्या, कुठे शेवटच्या चिटणिसाच्या घरी.

'डेकोरा-पोस्टन' हे वर्तमानपत्र आयोवातल्या डेकोरा गावात 1874 मध्ये निघाले. नॉर्वेत शुद्धलेखन बदलत गेले. पत्राने वाचकांसाठी जुनेच दीर्घकाळ चालवले. 1918 ते 1935 त्यात ओला आणि पेर यांची चित्रमालिका येई. तिच्यातले लोक बोलीत बोलत. 1972 च्या डिसेंबरमध्ये पत्र बंद पडले. वर्गणीदारांची यादी सिएटलच्या एका पत्राकडे गेली.

नॉर्वेत दरीदरीची बोली वेगळी होती. विस्कॉन्सिनमध्ये त्या बोली शेजारी शेजारी आल्या. तळ्याला 'लेकेन' म्हणू लागले. शब्द इंग्रजी, शेपूट नॉर्वेजियन. भाषाशास्त्रज्ञ आयनार हाउगेन यांनी 1930 आणि 1940 च्या दशकांत बोलणाऱ्यांचे आवाज मुद्रित केले. त्यांचा ग्रंथ 1953 मध्ये दोन खंडांत आला. तबकड्या आहेत. बोलणारे नाहीत.

1925 मध्ये त्या पहिल्या गलबताला शंभर वर्षे झाली. अमेरिकेच्या टपाल खात्याने दोन तिकिटे काढली. 2 सेंटच्या तिकिटावर 'रेस्टोरेशन', 5 सेंटच्या तिकिटावर व्हायकिंगांचे जहाज. नॉर्वेला पत्र पाठवायला 5 सेंट लागत. तिकिटे जमवणारे पाकिटाचा कोपरा कापून घेत. टपालाचा शिक्का, गाव आणि तारीख कोपऱ्याबरोबर जात.

त्याच वर्षी मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास मंडळ स्थापन झाले. कादंबरीकार ओले रोलवॉग पहिले चिटणीस होते. ते 1896 मध्ये आले होते, त्याआधी लोफोतेनला मासेमारी करत. मंडळाकडे पत्रे, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, बैठकांची इतिवृत्ते येऊ लागली. अजून येतात. खोके आणणाऱ्यांना आतले वाचता येत नाही.

जुनी पत्रे गॉथिक वळणात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते वळण नॉर्वेतल्या शाळांतून गेले. पहिली पिढी ते लिही. दुसरी वाची. तिसरीला आजीची सही ओळखू येई.

अँड्रियास रोबर्ग यांनी नॉर्वेजियन-अमेरिकन माणसांच्या मृत्युवार्तांची कात्रणे जमवली. कात्रणांची कार्डे आडनावांच्या क्रमाने लावलेली आहेत.

शेत विकले की घर रिकामे करतात. लिलावात पेटीला किंमत येते, स्तोत्रांच्या पुस्तकाला येत नाही. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म लिहिलेले असतात. काहींपुढे त्याच शाईत दुसरी तारीख असते.

जाड पुठ्ठ्यावरचे फोटो एकगठ्ठा विकतात. खाली फोटोग्राफरचे नाव आणि गाव छापलेले असते. मागची बाजू कोरी असते. घरातल्यांना माहीत होते, म्हणून कोणी लिहिले नाही.

टेलिफोन स्वस्त झाला. पत्रे नाताळपुरती राहिली. मग नुसते कार्ड आणि सही. मग एका वर्षी कार्ड परत आले.

अमेरिकेहून आलेली पत्रे नॉर्वेतल्या शेतघरांत टिकली. घरे जागच्या जागी होती. घरांना माळे होते. आता त्या पत्रांतली बरीच ओस्लोत आहेत, वाचून, छापून, क्रमांक घालून.

नॉर्वेहून अमेरिकेत आलेली पत्रे फार थोडी सापडतात. माणसे विस्कॉन्सिनहून आयोवाला गेली, आयोवाहून डाकोटाला. गवताळ मातीच्या ढेपा रचून घरे बांधली. पावसात छत गळे.

ओस्लोतल्या पत्रांत प्रश्न आहेत. तांबडी गाय दूध देते का. वरच्या वावरात यंदा काय पेरले. मागचे पत्र आईला पोचले का.