नाव सगळ्यात शेवटी

सिगारच्या कमरेला जी रंगीत कागदी पट्टी असते, ती न पेटवलेल्या सिगारवरून उतरवणं फार नाजूक काम आहे. पट्टीची दोन टोकं एकमेकांवर डिंकाने चिकटवलेली असतात, पण बऱ्याचदा थोडा डिंक खालच्या पानालाही लागलेला असतो. जोर केला की पान फाटतं, आणि बाहेरचं पान फाटलं की सिगार धड जळत नाही. म्हणून जोडाखाली पातळ पातं सरकवायचं, जोड आपसूक सुटेपर्यंत थांबायचं, मग कोरी पांढरी पट्टी गुंडाळून तिच्यावर आकडा लिहायचा. सेलोफेन असेल तर तोही काढून टाकायचा, कारण पानातल्या तेलाने तो हळूहळू पिवळा पडतो आणि सिगारचं वय सांगून टाकतो. आमचा गट नाव न पाहता सिगार चाखणाऱ्यांचा. त्यात ज्याची पाळी असेल तो यजमान, तो हे सगळं करून बाकीच्यांना सिगार पाठवतो. त्याला नावं ठाऊक असल्यामुळे त्या फेरीत तो मत देत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. गटात युनियन सिटीत वाढलेला क्यूबन वंशाचा एक निवृत्त शिक्षक आहे, एक सुतार आहे, रात्रपाळी करणारी एक परिचारिका आहे, मूळचा निपाणीचा एक मित्र आहे, आणखीही काही जण आहेत. पार्सल आलं म्हणून कोणी लगेच पेटवत नाही. टपालाच्या प्रवासात पान कोरडं पडतं किंवा दमट होतं, म्हणून सिगार आधी स्पॅनिश सीडर लाकडाच्या ह्युमिडॉर पेटीमध्ये ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत निदान दोन आठवडे विसावतात. मग ज्याने त्याने आपल्या घराच्या अंगणात किंवा मागच्या ओट्यावर एकट्याने ओढायचा आणि तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवायचं. सगळ्यांचे कागद जमा होईपर्यंत त्यावर बोलायचं नाही.

सिगारच्या जगात नावाचं वजन इतकं आहे की एवढी शिस्त लागतेच. कोहिबा, मोंतेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ ई हुलिएता ही नावं आज क्यूबातही चालतात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनणाऱ्या वेगळ्याच सिगारवरही छापली जातात. क्यूबात क्रांती झाली, १९६० साली कारखाने सरकारजमा झाले आणि सिगारची जुनी घराणी देश सोडून गेली. कोणी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, कोणी निकाराग्वात, कोणी होंडुरासमध्ये पुन्हा तंबाखू लावला. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाशी व्यापार बंद केला. मधल्या काळात प्रवाशांना थोडी सूट मिळाली होती, तीही सप्टेंबर २०२० मध्ये गेली. त्यामुळे इथल्या माणसाच्या मनात हवानाचा सिगार म्हणजे न मिळणारी वस्तू, आणि न मिळणारी वस्तू आधीपासूनच चवदार असते. आमच्या शिक्षकाच्या वडिलांनी आयुष्यभर क्यूबाच्याच पानाची थोरवी सांगितली. तो मात्र आकडा लिहिलेला सिगार हातात घेतला की वडिलांना बाजूला ठेवतो. हे किती कठीण आहे ते मला त्याच्याकडे पाहून कळलं.

पट्टी काढली म्हणजे सगळं झाकलं गेलं, असं मात्र होत नाही. डोळ्यांना पान दिसतंच. गडद, जवळजवळ काळपट पान पाहिलं की माणूस मनात ‘कडक’ म्हणून मोकळा होतो, आणि फिकट सोनेरी पान दिसलं की ‘सौम्य’ म्हणतो. खरं तर पानाचा काळपटपणा बराचसा ते किती काळ आणि किती उष्णतेत आंबवलं यावरून येतो. कडकपणा येतो तो मुख्यतः आतल्या पानांतून. तंबाखूच्या झाडाची खालची पानं व्होलादो, ती चांगली जळतात. मधली सेको, त्यांच्यात सुवास असतो. शेंड्याकडची लिखेरो, ती ऊन खाऊन जाड आणि जोरकस झालेली असतात. सिगार वळणारा लिखेरो बरोबर मध्यभागी ठेवतो, कारण ती सावकाश जळते. ती एका बाजूला सरकली की सिगार तिरका जळत जातो. बाहेरून पाहून यातलं काहीच कळत नाही. रंग जिभेला कसा फसवतो याचा एक गाजलेला प्रयोग फ्रान्समध्ये बोर्दो इथे झाला होता, त्याचा निबंध २००१ मध्ये आला. पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून ती ५४ जणांना दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ते वाइनचंच शिक्षण घेत होते. आमच्या काळपट पानाचंही तेच होतं.

तरीही रंग बिचारा समोर असतो, त्याच्यापासून सावध राहता येतं. अंदाज लपून येतो. सिगार ओढताना मन सारखं कुजबुजत असतं: हा निकाराग्वातल्या एस्तेलीचा असणार. चौकोनी दाबलेला आहे, म्हणजे निकाराग्वा. डोक्यावर टोपीच्या तीन वळ्या दिसतात, म्हणजे क्यूबाच्या पद्धतीने शिकलेला हात. एकदा का ‘निकाराग्वा’ म्हटलं की पुढच्या झुरक्यात मिरी लागते, कारण निकाराग्वाच्या सिगारमध्ये मिरी असते हे आपण हजार वेळा वाचलेलं असतं. बाहेरची पट्टी पात्याने काढली तरी ही आतली पट्टी आपणच पुन्हा गुंडाळतो. नाव ओळखण्याची शर्यत लावली की लोक चाखायचं थांबवतात. म्हणून गटात मी एका गोष्टीसाठी भांडलो आणि ती मान्य झाली: देश आणि कंपनी यांचा अंदाज लिहायची जागा कागदाच्या अगदी तळाशी, आणि सिगार विझल्यावरच ती भरायची. ज्यांना ओळखण्यातच मजा वाटते ते अजून कुरकुरतात. माझा आग्रह मात्र कायम आहे.

निपाणीचा मित्र यात सगळ्यांत तयार. त्याच्या घरी तंबाखूची शेती होती, विडीचा आणि जर्द्याचा तंबाखू. लहानपणी तो वाळलेलं पान बोटांत चुरून हुंगायला शिकला, आणि त्या वेळी पानाला नाव नव्हतंच, फक्त चांगलं किंवा कच्चं एवढंच होतं. फेरीतला सिगार तो आधी कानाशी धरून हलकेच दाबतो, करकरतो का ते ऐकतो, मग न पेटवता नुसता ओढून बघतो. मी एकदा हळूच त्याला विचारलं, “अरे, कुठला वाटतो?” तो म्हणाला, “आधी पान बघ की! कुठलं ते काय पळून जातंय व्हय?”

मागच्या फेरीतला चौथ्या आकड्याचा सिगार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. रोबुस्तो आकार, म्हणजे लांबी पाच इंच आणि जाडी ५०. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. बाहेरचं पान फिकट, रेशमी, शिरा बारीक. न पेटवता ओढला तेव्हा वाळल्या गवताचा वास, मागे किंचित मनुक्यांची गोडी. ओढ मोकळी पण पोकळ नव्हती, म्हणजे आतली पानं नेटकी रचलेली होती. सिगार घट्ट झाला, धूर येईनासा झाला, तर दोष बहुधा आतला गाभा बांधणाऱ्याचा असतो. निकाराग्वाच्या कारखान्यांत एक जण गाभा बांधतो, दुसरा वरचं पान चढवतो, आणि आपल्याला दिसतं ते दुसऱ्याचं काम. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं ताजी साय, भाजलेले बदाम. मग मिरी आली.

‘मिरी’ हा शब्द आमच्या कागदांवर सर्वांत जास्त सापडतो आणि मला त्याचा सर्वांत जास्त राग येतो. एक मिरी ओठांवर चुरचुरते. दुसरी घशात ठसका आणते. तिसरी, धूर हळूच नाकावाटे सोडला की नाकाच्या मुळाशी उमटते, आणि तिच्यात गरम मसाल्याचा सुवास असतो. घशातला ठसका पुष्कळदा पान नीट आंबलेलं नसल्याची खूण असते. आंबवताना पानांचे मोठे ढीग रचतात, ते आतून तापतात, ठरावीक उष्णतेवर गेले की उलथून पुन्हा रचतात, आणि त्यात अमोनिया निघून जातो. तो पुरता गेला नसेल तर नाक झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं. या दोषालाही ‘मिरी’ म्हणायचं आणि नाकातल्या त्या सुंदर सुगंधालाही मिरीच म्हणायचं, तर वाचणाऱ्याला काय कळणार? चौथ्या सिगारची मिरी नाकातली होती, कोरडी आणि स्वच्छ. मी लिहिलं: नाकावाटे, पहिल्या तृतीयांशाच्या शेवटी, घशात काही नाही.

मधल्या भागात साय गेली, कोको आला, धूर तोंडात जड झाला. कडकपणा मात्र शेवटच्या तृतीयांशात अंगावर आला. कपाळावर घाम, पायांत थोडी कणकण, एक उचकी. कडकपणा, धुराचा जडपणा आणि चवीचा ठसठशीतपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्यांचे कागद बहुतेक इथेच गडबडतात. कडकपणा निकोटिनचा, तो अंगाला कळतो. जडपणा तोंडाला कळतो. चव ठसठशीत असूनही सिगार अंगाला हलका असू शकतो, किंवा उलट. राख पांढरी होती. पांढरी राख म्हणजे उंची माल, अशी जुनी समजूत आहे; मी तिला गुण देत नाही, कारण राखेचा रंग बराचसा जमिनीतल्या खनिजांवर, मॅग्नेशियमवर अवलंबून असतो.

कागद जमा झाले तेव्हा दोघांनी सुरुवातीलाच ‘सौम्य’ लिहिलं होतं आणि शेवटपर्यंत बदललं नव्हतं. परिचारिकेने स्वच्छ लिहिलं होतं, “पन्नास मिनिटांनी नाडी जलद झाली.” मला तो कागद सर्वांत आवडला. यजमानाने नाव सांगितलं तेव्हा कळलं की बाहेरचं पान इक्वेडोरमध्ये पिकवलेलं कनेक्टिकट बियाण्याचं होतं, तिथल्या ढगाळ आभाळाखाली ते असंच पातळ, फिकट होतं. आणि आत निकाराग्वाच्या लिखेरोचा भरणा होता.

त्या फेरीत यजमानाने आणखी एक गोष्ट केली होती. दुसरा आणि सहावा सिगार एकच होता, एकाच पेटीतला, आकडे फक्त वेगळे. ही युक्ती प्रत्येक फेरीत हवी असं माझं ठाम मत आहे. हाताने वळलेले दोन सिगार तंतोतंत सारखे नसतात, हे मान्य. शिवाय सकाळी कॉफीनंतर ओढलेला आणि रात्री जेवणानंतर ओढलेला वेगळा लागणार, हेही मान्य. पण एकाच माणसाने एकाला ८८ आणि दुसऱ्याला ९३ दिले असतील, तर ते पाच गुण सिगारचे नाहीत, आणि पुढच्या वेळी त्याचे ९० आणि ९२ वाचताना त्यातला फरक किती मनावर घ्यायचा ते सगळ्यांना कळतं. शंभरापैकी गुण देण्याची पद्धत मासिकांनी रुजवली. १९९२ पासून निघणारं ‘सिगार अफिसिओनादो’ही पट्ट्या झाकूनच गुण देतं. पण प्रत्यक्षात बहुतेक गुण ८५ ते ९५ मध्ये कोंबलेले असतात, आणि दुकानात ग्राहक आकडा पाहतो, वर्णन वाचत नाही.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. हा तंबाखू आहे. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. धूर छातीत घेतला नाही तरी त्याच्या क्षारधर्मामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग त्याने होतो. तंबाखू आणि मिश्रीने गेलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत अशा मराठी वाचकांना हे मी सांगायला नको. फेऱ्या वर्षातून मोजक्याच करायच्या, हे आम्ही परिचारिकेच्या सांगण्यावरून ठरवलं आहे. ज्याने कधी ओढला नाही त्याला गटात कोणी बोलावत नाही. माझ्या पुतण्याने विचारलं, “काका, मलाही शिकव ना.” मी त्याला कॉफी चाखायला शिकवतो आहे, तिथेही पेल्यांवर आकडेच असतात.

आता पुढची फेरी माझी आहे. सिगार जमवून ठेवलेत, पट्ट्या उतरवणं चालू आहे. माझ्या कागदावर शंभर गुणांचा रकाना नसेल. त्याऐवजी दोन प्रश्न: हा सिगार तू स्वतःच्या पैशाने पुन्हा घेशील का, आणि किती डॉलर देशील? उत्तर नाव कळायच्या आधी, शाईने. सुताराला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, पैसे आले की लोक पुन्हा महाग-स्वस्ताचाच विचार करतील, चवीचा नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून निम्म्या गटाला गुणांचा जुना कागद आणि निम्म्या गटाला माझा नवा कागद द्यायचं ठरलं आहे, आणि दोन्हीकडे एक सिगार दोन आकड्यांखाली जाणार आहे. कोणता, ते अर्थातच इथे लिहिता येत नाही.