मीठ कमी की मीठ बंद?

मैत्रिणींनो, इंग्रजी आपल्याला अगदीच येत नाही असं नाही. दुकानाच्या पाट्या आपण वाचतो, औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो. मीही त्याच भरवशावर होते. पण एका एवढ्याशा शब्दानं माझी चांगलीच फजिती केली.

झालं असं, सासूबाईंचं ब्लडप्रेशर वाढलं. सांगलीच्या दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर मिठापुढे ‘कट डाऊन’ असं लिहिलेलं. ‘कट’ म्हणजे कापायचं, एवढं मला ठाऊक. मी आमटी-भाजीतलंच काय, भाकरीच्या पिठातलंही मीठ बंद केलं! सासूबाईंची अन्नावरची वासनाच उडाली. आठवड्याभरात थकवा आणि चक्कर. पुन्हा नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, मीठ कमी करायला सांगितलं होतं, बंद करायला नव्हे!" बंद करायचं असतं तर ते ‘कट आऊट’. मान खाली घालून माधवनगरला परतले.

शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काकू, इंग्रजीत क्रियापदाइतकीच त्याची शेपटीही बघायची." मग वही घातली. वाढण्याचे, लांबण्याचे, कमी होण्याचे असे तीन रकाने केले. पण नुसतं पाठ केलेलं डोक्यात राहीना. शेवटी प्रत्येक शब्दाला घरातला प्रसंग जोडला.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातली नणंद मुलाबाळांसह आमच्याकडे आली. धरणात पाणी साचत गेलं, ते ‘बिल्ड अप’. पूर संपता संपेना, तो ‘ड्रॅग ऑन’. चौघांचं पीठ आठ जणांना पुरवून पुरवून वापरलं, ते ‘ईक आऊट’. आणि पाणी उतरलं, ते ‘गो डाऊन’. आता हे शब्द जन्मात विसरायची नाही!

एक मात्र ध्यानात ठेवा. औषधाच्या कागदावर ‘टेपर ऑफ’ दिसलं, तर गोळी एकदम थांबवायची नसते. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करत आणायची असते. शंका आली तर विचारावं. विचारण्यात कसली लाज?

तुम्ही म्हणाल, काय बाई ही चमत्कारिक भाषा! पण आपली काय कमी आहे? आपण ताट ‘वाढतो’, देवापुढे नारळ ‘वाढवतो’ आणि बांगडी फुटली तरी ‘वाढली’च म्हणतो. परक्या माणसानं काय समजावं?

आता सासूबाईंची तब्येत छान आहे. परवा आमटीचा भुरका मारून म्हणाल्या, "सूनबाई, आज तुझं इंग्रजी जरा आळणी झालंय गं!"

मी हसून चिमूटभर मीठ घातलं. चिमूटभरच हं!