सईतला जास्तीचा ए

सातारा, रविवार

चि. अमेय आणि सौ. मानसी यांस अनेक आशीर्वाद.

तुमची नावांची यादी मिळाली. फोनवर बोलले असते, पण मध्ये तुझी मीटिंग येते, माझा कुकर येतो, आणि आईने एकदा फोन घेतला की ती परत देत नाही. म्हणून लिहितेय. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकीन, पण पत्र समजूनच वाच.

यादीत मुलांची नावं नाहीत हे पाहून आईला चमत्कारिक वाटलं. तिकडे जर्मनीत डॉक्टर मुलगी आहे म्हणून सांगून मोकळे होतात. इथे 1994 च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि ती का आणावी लागली हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. 2011 साली साताऱ्यात 280 हून जास्त मुलींची नावं जिल्हा परिषदेने समारंभ करून बदलली होती, आठवतं? सगळ्या नकुशी. घरात मुलगी नको असताना झालेल्या. नावाने नशीब बदलतं यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण हजेरी घेताना रोज तेवढंच ऐकायचं आणि ‘हजर’ म्हणायचं, हे त्या पोरींनी कसं केलं असेल कोण जाणे. तेव्हा तुम्ही दोघं महिनाभर एका नावावर भांडताय हे मला फार आवडलंय. भांडा.

ऋजुता मी कटाप केलंय. आधीच तो ऋ. आपण ‘आर यू’ लिहिणार, हिंदीवाले ‘आर आय’. वर जर्मन माणूस ‘जे’चा उच्चार ‘य’ करतो, म्हणजे बालवाडीत ती रुयुता. जुईचंही तेच, युई. (मानसीला जुई फार आवडतं हे ठाऊक आहे. दुसरीच्या वेळी जर्मनीत नसाल तर बघू.)

उरली सई. नाव उत्तम. शिवाजी महाराजांच्या राणीचं, संभाजीराजांच्या आईचं. शिवाय सईबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. आईने मागच्या दारात उभं राहून हाक मारून पाहिली. नुसत्या ‘सई’ने हाक लांबत नाही म्हणे, पण ‘सयू’ केल्यावर थेट विहिरीपर्यंत गेली. ती पास.

पण त्यासमोर हिरव्या पेनाने जे लिहिलंय, एस, दोन ए, दोन ई, ते कुठून आलं? मानसीच्या बाबांनी कुणा अंकशास्त्रवाल्याला विचारलं असणार. रागावू नका, मी तो हिशेब करून पाहिला.

हे अंकशास्त्रवाले बहुतेक किरोचा तक्ता वापरतात. हा किरो मूळचा आयरिश, खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर. तरुणपणी मुंबईत अपोलो बंदरावर उतरलो, तिथे एक चित्पावन गुरू भेटला आणि त्याने कोकणातल्या आपल्या गावी नेऊन विद्या दिली, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. खरं-खोटं तो जाणे. पण कोकणातल्या भटजींनी एबीसीडीला आकडे कसे लावले हे मला अजून उलगडलेलं नाही. तर त्या तक्त्यात ए, आय, जे, क्यू आणि वाय यांना 1, एसला 3, ईला 5. नऊ हा आकडा कुठल्याच अक्षराला नाही. आता एस, ए, ई, ई करा. बेरीज 14, म्हणजे 5, म्हणजे बुध. त्यात एक ए घाला. 15, म्हणजे 6, म्हणजे शुक्र. बाबांना नात शुक्राची हवी आहे, एवढीच गोष्ट. अशा स्पेलिंगांत बघशील तेव्हा ए नाहीतर आय वाढलेला दिसतो, त्याचं गुपितही हेच. बेरीज एकाने पुढे सरकवायची तर स्वस्तातली अक्षरं तीच.

एरवी मी म्हटलं असतं, घाला. रितेश देशमुखच्या इंग्रजी नावात एक आय जास्त आहे. मराठी पोस्टरवर तो रितेशच असतो आणि लातूरमध्ये कुणाला हाक मारताना अडचण आल्याचं ऐकिवात नाही. जे ऐकूच येत नाही त्यावर वाद कशाला? पण सईत तो जास्तीचा ए ऐकू येतो रे! दोन ए दिसले की माणूस ‘सा’ वाचतो. सईची साई होते. दवाखान्यात नाव पुकारतील ते साई, आणि पुढे येणारा मुलगा असेल असं समजून तिच्या डोक्यावरून बघतील.

विचित्र स्पेलिंग म्हटलं की मी नाक मुरडणार असं मानसीला वाटत असेल. तसं नाही. माझंच बघ. प्रज्ञा या नावात मराठी माणूस इंग्रजीत ‘डी एन वाय’ लिहितो, कारण आपला ‘ज्ञ’ द्न्य असाच तोंडातून येतो. ज्ञानेश्वरांनाही आपण तसंच लिहितो. हिंदीवाल्यांचं ‘जी वाय’, गुजरात्यांचं ‘जी एन’, संस्कृत शिकलेल्यांचं ‘जे एन’. दिल्लीच्या एका लग्नात एक बाई मला दोन दिवस ‘प्रद्-निया’ म्हणत होत्या, बिचाऱ्या डी सोडायला तयार नव्हत्या. तरीही मी ते बदललं नाही, कारण ज्या तोंडांनी मला आयुष्यभर हाक मारली त्यांच्यासाठी ते स्पेलिंग बरोबर आहे. सईलाही तीच कसोटी लाव. सरळ एस, ए, आय लिहिलंस तरी साईच होणार. म्हणून शेवटचे दोन ई मला मंजूर आहेत. ते दिसायला वेगळे आहेत, पण कामाचे आहेत. पहिल्या दोन एंचं काम मात्र कुणी मला सांगावं.

आता तुमचे जर्मन. त्यांच्यासाठी नाव कसं लिहायचं यावर डोकं शिणवू नकोस, कारण तसं लिहिताच येत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा, पुढे स्वर असलेला एस ते ‘झ’सारखा म्हणतात, आणि दोन ई म्हणजे त्यांच्याकडे लांब ‘ए’. ‘झाए’ की काय ते होईल. मानसीने कुठेसं आयवर दोन टिंबं देऊन बघितलंय तेही नको. पासपोर्टच्या खालच्या मशीनच्या ओळीत फक्त साधी ए ते झेड अक्षरं चालतात, टिंबं गळून पडतात. त्या ओळीत पूर्ण नावाला 39 घरं असतात. सई हे नाव त्या दृष्टीने किफायतशीर, आपलं आडनाव नाही. शेजारच्या आजींना, बालवाडीतल्या बाईंना तोंडानेच शिकवायचं: स-ई. दोन-तीनदा सांगितलं की येतं. लोकांना श्टुटगार्ट म्हणायला शिकवलंत ना तुम्ही इथे?

अजून एक, मधल्या नावाचं. तिथल्या फॉर्मवर बापाच्या नावाला वेगळा रकाना नसतो. तू हौसेने ‘सई अमेय’ लिहिलंस तर अमेय हे तिचंच दुसरं नाव ठरेल. इथे जन्मली असती तर 1 मे 2024 पासूनच्या नियमाने आईचं नावही मध्ये आलं असतं, सई मानसी अमेय. मला ती पद्धत आवडते. पण तिथे कसं करायचं ते फॉर्म भरण्याआधीच ठरवा. जन्म आठवड्यात कळवायचा आणि नाव ठरलं नसेल तर महिनाभराची मुदत, असंच ना? मग घाई करू नका. मात्र तिथल्या दाखल्यावर जे उमटेल तेच पुढे एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंदवायचं, आणि तेच पासपोर्टवर येणार.

शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली ती याच भानगडीत. जनरल रजिस्टरात एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि सरकारच्या सरल पोर्टलवर भरताना दोन्ही अक्षर न् अक्षर जुळायला हवं. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी बाप येतो, हातात राजपत्राचा कागद, आणि म्हणतो, बाई, एक एच काढायचाय. हौसेने घातलेलं एक अक्षर काढायला लोक रजा टाकून येतात! आता तर 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांचा इथे जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा. पाळण्यातच कागद पक्का होतो.

आता मानसीच्या बाबांचं. त्यांना दुखवायचं नाही, ते प्रेमाने करताहेत. आणि खरं सांगायचं तर आपलं तरी काय वेगळं आहे? जोशीबुवा नावरस नाव काढतील. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, 108 अक्षरं. हस्ताच्या तिसऱ्या चरणावर जन्मली तर ‘ण’ येतो. ण वरून नाव शोधून दाखवा कुणी. तेव्हा जोशीबुवाच हळूच दुसरं अक्षर देतात. आपणही तेच करू. बाबांना सांग, एस, ए, वाय, ई, ई. वायचाही 1 च आहे. बेरीज 15, शुक्र जागेवर. आणि वाचणारा सयी म्हणेल, म्हणजे सईच. त्यांचा तक्ता त्यांच्याकडे असेल, मोजून बघू देत.

बारशाला मला येता येणार नाही, पण आत्या मीच, हे विसरायचं नाही. फोन तिच्या कानापासून जरा लांब धरा, मी कुर्र करून नाव सांगीन. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे इथे साडेबारा, ती वेळ बरी. घुगऱ्यांना गहू आदल्या रात्री भिजत घाला, तिकडचा गहू कसा शिजतो देव जाणे. कुंची आणि बाळंतविडा पुढच्या आठवड्यात येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतेय, डिंकाचे लाडू आई देईल तेवढे.

फॉर्मवर सही करण्याआधी फोटो काढून मला पाठव. सही केल्यावर नको.

तुझी,
ताई