पोरकी गाडी

‘साब’ नावाच्या मोटारीचा मी मालक आहे, असे वसईकडे कुणाला सांगितले की ऐकणारा आधी हसतो. ‘म्हणजे साहेबाची गाडी का रे?’ असे आमच्या काकांनी एकदा विचारले होते. मी म्हटले, ‘होय काका, पण साहेब निवर्तला. त्याच्या गाड्या तेवढ्या मागे राहिल्या आहेत.’ काकांना ती थट्टा वाटली. पण वस्तुस्थिती खरोखर तशीच आहे.

हे नाव मुळात विमानांचे. १९३७ साली स्वीडनमध्ये ‘स्वेन्स्का एरोप्लान आक्तीबोलाग’ ही लढाऊ विमाने बांधणारी कंपनी निघाली. तिच्या आद्याक्षरांचा ‘साब’ झाला. महायुद्ध सरत आले तसा विमानांचा खप ओसरणार हे ओळखून कंपनीने मोटारीचा विचार आरंभला. गुन्नार ल्युंगस्त्रम हे अभियंते आणि सिक्स्टेन सासोन हे रेखाकार यांनी जो नमुना घडवला, त्याचा आकार पाहिला की विमानाचा पंखच डोळ्यांपुढे येतो. १९४९ च्या डिसेंबरात ट्रॉल्हेतान या गावी ‘साब ९२’ या गाडीचे उत्पादन सुरू झाले. दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, अवघी २५ अश्वशक्ती, आणि सुरुवातीच्या सगळ्या गाड्या एकाच गडद हिरव्या रंगाच्या. पुढे एरिक कार्लसन यांनी १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षे मोंटे कार्लोची शर्यत साबमधून जिंकली. १९७७ मध्ये टर्बो इंजिनाची गाडी आली आणि हे नाव जगभर गेले.

मग मालक बदलू लागले. १९९० पासून अर्धी मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे होती, २००० साली ती पूर्ण झाली. २०१० मध्ये स्पायकर या छोट्या डच कंपनीने हे ओझे उचलले. १९ डिसेंबर २०११ रोजी, नाताळ सहा दिवसांवर आला असताना, मोटारकंपनीने न्यायालयात दिवाळखोरी जाहीर केली. तीन हजारांहून अधिक माणसे कामाला मुकली. नंतरच्या मालकांनी २०१३ च्या अखेरीस थोड्याशा गाड्या काढल्या खऱ्या, पण २०१४ नंतर त्या नावाची नवी मोटार बनली नाही. विमानांची कंपनी मात्र स्वतंत्रपणे चालू राहिली.

नोकरीनिमित्त मी गोथेनबर्ग शहरी स्थायिक झालो. ट्रॉल्हेतान तेथून उत्तरेस सुमारे ७५ किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरात मला एका जुन्या गाडीची गरज होती आणि खिशात फार पैसे नव्हते. एका जाहिरातीत २००७ सालची ‘साब ९-५’ दिसली. मागे सामानाला ऐसपैस जागा, किंमत २५ हजार क्रोनर, आणि गाडी धावलेली अवघी ‘२१ हजार’. एवढी कमी धावलेली गाडी इतक्या स्वस्तात कशी, या हर्षात मी ट्रॉल्हेतानला पोहोचलो. तेथे कळले की स्वीडिश माणसाचा ‘मिल’ दहा किलोमीटरांचा असतो. म्हणजे गाडी २ लाख १० हजार किलोमीटर धावली होती. इतकी वर्षे या देशात राहून मी हे विसरलो याचे विक्रेत्या गृहस्थांना हसू आवरेना.

हे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. स्वीडिश भाषेत आता अहो-जाहोची रीत उरलेली नाही. परंतु मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणू लागलो. साबच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ काम केले होते, त्यातील बराच काळ दरवाजे बसवण्याच्या खात्यात. दृष्टी अधू होऊ लागल्याने गाडी विकायला काढली होती. मी चालकाच्या आसनावर बसून सुकाणूजवळ किल्लीचे भोक शोधू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून दोन आसनांच्या मधल्या जागेकडे नेला. साबची किल्ली तेथे लागते. अपघात झाला तर सुकाणूजवळच्या किल्लीवर गुडघा आपटून फुटतो, म्हणून ती इकडे आणलेली. शिवाय गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकल्याखेरीज ती निघत नाही; चोराची तेवढीच अडचण. व्यवहाराचे कागद झाल्यावर आजोबांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. म्हणाले, ‘वर्षातून एकदा हिला इकडे घेऊन ये. मला चालवता येणार नाही, पण आवाज ऐकता येईल.’

गाडी घेतल्यावर समजले की आपण केवळ वाहन घेतलेले नाही, एका विखुरलेल्या कुटुंबात आपले लग्न लागले आहे. पेट्रोल पंपावर अनोळखी माणसे जवळ येऊन इंजिनाची चौकशी करीत. दुसऱ्या साबचा चालक समोरून येताना हात उंचावी. कंपनी बुडाली तरी सुटे भाग पुरवणारी तिची शाखा सरकारने कर्जाला दिलेल्या हमीपोटी सरकारच्याच ताब्यात आली आणि ते काम थांबले नाही. जे भाग नव्याने बनत नाहीत, ते मेलेल्या साबमधून काढून जिवंत साबना लावले जातात. माझा मेकॅनिक याच पद्धतीने काम करतो. शहराबाहेरच्या छोट्या गॅरेजात तो एकटाच असतो. भिंतीवरच्या फळ्यांवर आरसे, दिवे आणि दारांच्या मुठी हारीने मांडलेल्या. माझ्या गाडीचा मागचा उजवा दिवा कुण्या चंदेरी गाडीचा आहे आणि आतल्या दाराची मूठ कुण्या काळ्या गाडीची.

मला सर्वांत प्रिय आहे ते तिच्या पुढच्या फळीवरील एक बटण. रात्री ते दाबले की सगळी तबके अंधारात जातात. उजळत राहतो फक्त वेगाचा काटा. वैमानिकाच्या कक्षाची ही आठवण. आणि काही बिघडले, तर ज्या तबकाशी त्याचा संबंध असेल ते आपोआप उजळते. तोवर गाडी काही बोलत नाही.

२०२१ च्या जानेवारीत ती बोलली. रात्रीची वेळ, उणे अकरा अंश तापमान, योता नदीच्या काठचा ई-४५ रस्ता. अंधारात अचानक तापमानाचे तबक उजळले आणि काटा तांबड्या रेषेला भिडलेला दिसला. रेडिएटरचा एक रबरी होस पाइप फाटून पाणी वाहून गेले होते. चौदा वर्षांचे रबर. ते टणक झाले आहे, बदलून घे, असे मेकॅनिकने ऑक्टोबरातच बजावले होते. मी ‘नाताळानंतर बघू’ म्हटले होते. दोष सर्वस्वी माझा. त्यातही थांबण्याऐवजी पुढच्या वळणापर्यंत जाऊ, या विचाराने मी आणखी दोन किलोमीटर गाडी दामटली आणि हेड गॅस्केट गेले. दुरुस्तीचा अंदाज आला १८ हजार क्रोनर. गाडीची बाजारातली किंमत तोवर त्याच्या निम्म्यानेही उरली नव्हती. पत्नी म्हणाली, ‘भंगारात द्या आता. किती दिवस मेलेल्याला पाणी पाजणार?’ मेकॅनिकने सोमवारपर्यंत निर्णय मागितला.

शनिवारी मी बसने ट्रॉल्हेतानला गेलो. आजोबांना फसवल्याची भावना मनात होती. वाटले होते, ते दुरुस्तीचा आग्रह धरतील. ते तसे काही बोलले नाहीत. कॉफी ओतता ओतता म्हणाले, ‘जायची असेल तर जाऊ दे. पण अख्खी चेपायला देऊ नकोस. तिची दारे चांगली आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.’ मग मी न विचारताच ते शेवटच्या दिवसाविषयी बोलू लागले. काम कधीच थांबले होते. तरी आवरायला बोलावले तेव्हा ते आणि त्यांचे सोबती गेले. त्यांनी आपापली हत्यारे पुसून खणात ठेवली, आपापल्या जागेची फरशी झाडली. ‘दुसऱ्या दिवशी तिथे कुणी येणार नव्हते,’ ते म्हणाले, ‘तरी झाडली. तशीच टाकून जाणे बरे दिसले नसते.’

त्या वाक्यापाशी मला माझे बाबा आठवले, आणि मी त्यांच्याविषयी किती कमी जाणतो हेही.

बाबा मुंबईच्या एका कापड गिरणीत फिटर होते. पहाटेच्या अंधारात सायकलने वसई रोड स्टेशन गाठायचे आणि तेथून गाडीने दादर. पोप दुसरे जॉन पॉल यांचे मानवी श्रमाविषयीचे ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ हे विश्वपत्र १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसिद्ध झाले. काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे. आणि कामाची थोरवी काय बनवले यावरून नव्हे, तर ते करणाऱ्या माणसावरून ठरते, हा त्याचा गाभा. त्यानंतर चार महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतील असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. बाबा त्यांपैकी एक. त्यांना शेवटचा दिवस असा मिळालाच नाही. आदल्या पाळीला निघाले ते उद्याचे उद्या बघू म्हणून. त्यांची हत्यारे, जेवणाचा डबा, अंगातला कामाचा सदरा, सगळे गिरणीतल्या कपाटात राहिले. त्यानंतर ते वाडीत राबले, शेजाऱ्यांचे पंप आणि शिवणयंत्रे दुरुस्त करीत राहिले. पण गिरणीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचा तो अबोला मी हेका समजत होतो.

त्या नोकरीची एकच खूण घरात उरली होती, ती म्हणजे स्टेशनवर जायची सायकल. वीस वर्षे जुनी, पण साखळीला तेल आणि घंटी लखलखीत. १९९८ साली जुने घर पाडून नवे बांधायला घेतले, तेव्हा अडगळ नको म्हणून मी ती भंगारवाल्याला चाळीस रुपयांना देऊन टाकली. बाबा वाडीतून परतले, भिंतीजवळची रिकामी जागा त्यांनी पाहिली आणि विचारले, ‘घंटी काढून घेतलीस का?’ मी नाही म्हणालो. ‘बरं,’ म्हणाले आणि पाय धुवायला विहिरीवर गेले. २००४ मध्ये ते वारले. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी काढायला हवा होता.

सोमवारी मी मेकॅनिकला गाडी दुरुस्त करायला सांगितले. हा निर्णय शहाणपणाचा होता, असा माझा दावा नाही. १८ हजार क्रोनरांत बाबांचे देणे फिटते, असेही मी मानत नाही. भंगारात गेलेली सायकल स्वीडनमधल्या मोटारीने परत येत नसते. पत्नीला मी हे सारे प्रथमच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘मग निदान या वेळी सांगितलेले पाइप वेळेवर बदला.’ गोथेनबर्गच्या ख्रिस्त राजाच्या चर्चमध्ये त्या रविवारी मी बाबांच्या नावे मिस्सा सांगितली. तेवढेच हातात होते.

नंतर एकदा मी आजोबांना घेऊन ट्रॉल्हेतानच्या साब संग्रहालयात गेलो. दिवाळखोरीनंतर, २०१२ च्या आरंभी, शंभराहून अधिक गाड्यांचा हा संग्रहही विक्रीला निघाला होता. ट्रॉल्हेतान नगरपालिका, विमानांची साब कंपनी आणि वालेनबर्ग घराण्याचा न्यास यांनी मिळून तो विकत घेतला, म्हणून तो गावातच राहिला. तेथे १९४६ चा पहिला नमुना उभा आहे. आजोबांना तो धूसरच दिसला असेल. पण त्यापुढे ते फार रेंगाळले नाहीत. एका साध्या ९-५ पाशी थांबले, दाराच्या फटीवरून वरून खालपर्यंत बोट फिरवले आणि फट सारखी आहे अशी खात्री झाल्यावर पुढे निघाले.

ठरल्याप्रमाणे मी अजूनही वर्षातून एकदा गाडी त्यांच्याकडे नेतो. ती आता ३ लाख किलोमीटरांच्या घरात आली आहे. तपासणीला जाताना प्रत्येक वेळी छाती धडधडते. कधीतरी ती नापास होईल आणि तिचे दिवे, दारे नि मुठी मेकॅनिकच्या फळ्यांवर जातील, हे मला ठाऊक आहे. तशी यादीच त्याने आणि मी करून ठेवली आहे. गेल्या खेपेस आजोबा शेजारच्या आसनावर बसले. त्यांना आता जवळजवळ काहीच दिसत नाही. मी गाडी सुरू केली. त्यांनी मान किंचित कलती करून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, ‘तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघून घे. लगेच. नाताळानंतर नको.’