दगडातलं व्हिनेगर

इंग्लंडला गेलात तर डर्बीशरमधलं ईम गाव चुकवू नका. भोवती हिरव्या टेकड्या, दगड रचून केलेले बांध, चरणाऱ्या मेंढ्या. अगदी चित्रातलं गाव! पण शेतवाटेवरच्या एका दगडापाशी पाय थबकतात. त्याला सहा भोकं आहेत. १६६५ मध्ये इथे प्लेग आला. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून, असं सांगतात. साथ पसरू नये म्हणून पुढच्या वर्षी गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं. या भोकांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे; शेजारगावचे लोक अन्न ठेवून जात. आपल्याकडे मुलाला नुसता गोवर आला तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. त्या थडग्यांभोवती आता गोल भिंत आहे, आणि भिंतीबाहेर शेत.