भंगारातला ताजमहाल

छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीला गेलेली अनेक कुटुंबे हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यावर हजेरी लावतात. आम्हीही लावली. तिथून जवळच, सराय काले खान इथे ‘वेस्ट टू वंडर’ नावाची बाग आहे. २०१९ साली दक्षिण दिल्ली महापालिकेने ती खुली केली. जगातली सात आश्चर्ये, आणि सगळी भंगाराची! सुमारे १५० टन भंगार त्यांत लागले.

आयफेल टॉवर, पिरॅमिड, पिसाचा झुकता मनोरा पाहत आम्ही ताजमहालापाशी थांबलो. दुरून जी जाळीची नक्षी वाटली, त्या जवळून सायकलच्या रिंगा निघाल्या. बीबी का मकबऱ्याच्या शहरातल्या आम्हाला दुसरा ताज नवा नाही. मकबऱ्याला नक्कल म्हणून हिणवतात; पण त्याचे वास्तुकार अताउल्लाह हे ताजच्या उस्ताद अहमद लाहोरींचेच पुत्र. संगमरवर सगळीकडे नव्हता, तिथे चुन्याच्या गिलाव्यावर सुरेख काम केले. हाताशी आहे त्यातून देखणे घडवणे, हाही हुनरच.

आपल्या मोहल्ल्यांत कितीतरी चुली भंगाराच्या हातगाडीवर पेटतात. शाळेत मात्र ‘भंगारवाला’ म्हणून चिडवतात आणि अब्बांचा धंदा सांगताना मूल मान खाली घालते. कुरआनने उधळ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. टाकलेली वस्तू पुन्हा कामी आणणारा त्यांच्या नेमका उलट बाजूला उभा असतो.

दिल्लीला गेलात तर मुलांना ही बाग जरूर दाखवा. आणि घरी परतल्यावर गल्लीतल्या भंगारवाल्या चाचांना आधी सलाम करायला शिकवा.